तळवा, कंबर आणि जुना व्रण

माझ्या आजीच्या कमरेवर उजव्या बाजूला एक काळपट पट्टा होता. बोटभर रुंद, खरखरीत, चामड्यासारखा. परकराची नाडी साठेक वर्षं एकाच जागी आवळून बांधल्याची ती खूण. उन्हाळ्यात तिथे घाम साचायचा, खाज सुटायची, कधी सोलवटायचं. मग आजी थोडं खोबरेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच. आजीला त्या पट्ट्याचा पुढे काही त्रास झाला नाही. पण त्वचेच्या कॅन्सरवर लिहायला बसले तेव्हा मला आधी ऊन आठवलं नाही, तो पट्टा आठवला.

त्या पट्ट्याला वैद्यकशास्त्रात थेट मुंबईचा इतिहास आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध लिहिला. लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांचा संबंध सांगणारा. त्यात त्यांनी ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं कमरेच्या एकाच रेषेवर कसून बांधलं की तिथली कातडी जाड होते, रंग बदलतो, मग फुटते, आणि एखाद्याच्या बाबतीत त्या न भरणाऱ्या जखमेतच कॅन्सर उभा राहतो. पुढे हेच साडी नेसणाऱ्या बायकांमध्ये दिसलं आणि त्याला ‘साडीचा कॅन्सर’ हे नाव पडलं. नाव फसवं आहे. साडी बिचारी निर्दोष, दोष आवळलेल्या नाडीचा. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती, म्हणजे आत परकरही नाही, कापडच कमरेला गच्च.

असं का होतं? कातडी घासली, सोलवटली की ती दुरुस्त करायला नव्या पेशी तयार होतात. एकदा, दहादा, शंभरदा हे ठीक. पण चाळीस वर्षं रोज त्याच जागी दुरुस्ती चालू राहिली, तर प्रत्येक वेळी पेशींची नक्कल करताना चूक होण्याची संधी वाढत जाते. घर्षण, घाम, जंतू, दाह, पुन्हा घर्षण. कोट्यवधी बायका साड्या नेसतात आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांना हा आजार होतो, तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. नाडी मात्र आजच बदलता येते. सुतळीसारख्या बारीक नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी लावा. गाठ एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. घरात असताना सैल, झोपताना तर सोडलेलीच बरी. पट्ट्याची जागा धुऊन कोरडी ठेवा. आणि त्या पट्ट्यावर जखम होऊन महिनाभरात भरली नाही, तर मलमांचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा. सलवारीची नाडी आणि घट्ट पट्टा यांनाही हेच लागू.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं, की आपण त्वचेच्या कॅन्सरची माहिती वाचतो ती बहुधा गोऱ्या देशांतून आलेली असते. तिथे सगळा रोख उन्हावर. ऑस्ट्रेलियात दर तिघांपैकी दोघांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेचा कॅन्सर होतो. आपल्याकडे एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा अगदी लहान. पण म्हणून तो आपल्याला होत नाही असं नव्हे. तो वेगळ्या वाटांनी येतो आणि त्या वाटांकडे आपलं लक्ष नसतं.

उन्हाचं आधी निस्तरू. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पेशींतल्या डीएनएवर थेट घाव घालतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ मध्ये आणि कातडी तांबूस करून घेण्याच्या टॅनिंग यंत्रांना २००९ मध्ये निश्चित कॅन्सरकारक ठरवलं. आपल्या कातडीतलं मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं आणि हा मारा अडवतं. काळ्या कातडीचं नैसर्गिक संरक्षण सनस्क्रीनवरच्या एसपीएफच्या भाषेत साधारण १३ भरतं, गोऱ्या कातडीचं ३ ते ४. आपण मराठी माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पसरलेलो. काळेपणा घालवायला आपण आयुष्यभर जे पैसे ओततो, ते या आकड्यांसमोर ठेवून पाहावेत.

तरीही काही जणांना आपल्याकडेही ऊन खरोखर घातक आहे. जन्मतः रंगद्रव्यच नसलेली माणसं, म्हणजे आल्बिनिझम असलेली. केस पांढुरके, डोळे उजेडात मिटणारे. शेतमजुरीच्या घरात असं मूल जन्मलं की ते सगळ्यांबरोबर रानात जातं आणि तिशीच्या आतच मानेवर-कानावर जखमा घेऊन येतं. या मुलाला पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सावलीतलं काम ही चैन समजू नये, ते त्याचं औषध आहे. दुसरा गट आणखी दुर्मीळ. झीरोडर्मा पिग्मेंटोसम या जन्मजात दोषात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणाच नसते. जरा उन्हात नेलं की मूल अनेकदा भाजून निघतं, दोन वर्षांचं होण्याआधी तोंडावर दाट ठिपके येतात, डोळ्यांना उजेड सोसत नाही, आणि पुढे शाळेच्या वयातच कॅन्सर होऊ शकतो. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. मामाची मुलगी करण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथे दोघांकडेही तोच दोष असण्याची शक्यता वाढते. असं लक्षण दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे नेण्यात एक उन्हाळाही जाऊ देऊ नका.

कोड हा तिसरा गट असं अनेकांना वाटतं, ते चुकीचं आहे. कोड म्हणजे कॅन्सर नव्हे आणि कोडातून कॅन्सर होतो हेही खरं नाही. उलट कोड असलेल्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण कमीच असल्याचं युरोपातल्या अभ्यासांत दिसलं आहे. पांढरे चट्टे उन्हात भाजतात, म्हणून झाकावेत, एवढंच.

आणि मग घारे डोळे, गोरी कातडी, उन्हात काळी न पडता लाल होणारी माणसं; शिवाय आयुष्य उन्हात गेलेले शेतकरी, कोळी, रस्त्यावर काम करणारे. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर, खालच्या ओठावर, तळहाताच्या मागच्या बाजूला एखादी खरखरीत खपली येते, निघते, पुन्हा तिथेच येते. ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. खालच्या ओठाला उन्हाच्या जोडीला विडीही भोवते. गांधी टोपीबद्दल मला आदर आहे, पण ती टाळू झाकते. नाक, कान आणि मान उघडीच राहतात. टोपीखालून कानांवर आणि मानेवर उपरणं किंवा टॉवेल सोडला तर काम भागतं. आपल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन खुरपतात तेव्हा हेच साधतात, फक्त पदर जाड असावा.

ऊन किती कडक आहे हे ओळखायला यंत्र नको. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरणांचा जोर वाढला. मोबाइलवरच्या हवामानाच्या माहितीत यूव्ही इंडेक्स दिसतो; तीनपासून काळजी सुरू करायची असा संकेत आहे. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या दुपारी तो अकराच्याही पुढे जातो. ऊन गरम लागत नाही म्हणून सौम्य आहे, हा समज सहलीला जाणाऱ्यांना हटकून फसवतो. उंची दर हजार मीटरनी वाढली की अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर आहे, आणि बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण पुन्हा तोंडावर फेकतो. थंडी वाजते म्हणून मफलर गुंडाळतात आणि नाक भाजून घरी येतात. विरळ ढगही भरवशाचे नाहीत. गाडीची बाजूची काच भाजवणारे किरण अडवते, पण जास्त खोल शिरणारे यूव्हीए आत येऊ देते. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाच्या चेहऱ्याचं छायाचित्र २०१२ मध्ये गाजलं होतं. खिडकीकडची अर्धी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उरलेली अर्धी वीस वर्षांनी तरुण. आपल्याकडे चालकाची उजवी बाजू खिडकीला असते.

सनस्क्रीन लावावं का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नँबर गावी १६२१ लोकांवर १९९२ पासून साडेचार वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज लावायचं, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस प्रकारचा कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला आणि पुढची दहा वर्षं पाहिल्यावर मेलॅनोमा जवळजवळ निम्मा. पण ही सगळी माणसं गोऱ्या वंशाची होती. सावळ्या कातडीत ऊन आणि मेलॅनोमा यांचं नातं तितकं पक्कं दिसत नाही. म्हणून माझं मत असं: वर सांगितलेल्या गटांतल्या लोकांनी सनस्क्रीन न चुकता वापरावं, बाकीच्यांनी आधी टोपी, बाह्या आणि सावली बघावी. लावणारच असाल तर एसपीएफ ३० पुरतं, ते भाजवणारे जवळपास ९७ टक्के किरण अडवतं. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, आणि दर दोन तासांनी, शिवाय घाम आला की पुन्हा. आपण लावतो ते मटारच्या दाण्याएवढं, लग्नाला निघताना. जाहिरातींनी सनस्क्रीन हे गोरं होण्याचं मलम म्हणून विकलं, त्याची ही फळं. हळद, चंदन, खोबरेल यांना दुसरे गुण असतील; ऊन अडवण्याचा गुण नगण्य आहे.

मेलबर्न-सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी आईबापांचा प्रश्न निराळा. तिथल्या शाळेत टोपी नसेल तर पोराला मैदानावर सोडत नाहीत. इकडे रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व तळाला. ऐकायचं कुणाचं? ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी २०२४ च्या निवेदनात याची दखल घेतली आणि कातडीच्या रंगानुसार तीन गट पाडले. अगदी गोऱ्यांनी उन्हापासून कसून जपायचं, गर्द रंगाच्यांनी उलट थोडं जास्त ऊन घ्यायचं, आणि मधल्या रंगाच्यांनी तारतम्य ठेवायचं. आपण बहुतेक मधले किंवा गर्द. मुलाच्या टोपीवरून शाळेशी भांडू नका, पण थोडा वेळ उन्हात त्याला उघड्या हातांनी खेळू द्या.

आता तळव्याकडे येऊ. माझ्या मते मराठी वाचकाने या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल, तर ही न्यावी.

मेलॅनोमा हा त्वचेच्या कॅन्सरमधला सर्वांत खुनशी प्रकार. भारतात तो कमी होतो, पण होतो तेव्हा पाठीवर किंवा खांद्यावर फारसा नसतो. तो तळव्यावर, टाचेवर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. तिथे सूर्य पोहोचत नाही आणि आरसाही पोहोचत नाही. तळव्याच्या ज्या भागावर चालताना भार पडतो तिथे तो जास्त आढळतो, असं जपानी अभ्यासकांनी दाखवलं आहे. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये डाग सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी वाटलं. निदान मेलॅनोमाचं झालं. अंगठा काढायला त्याने नकार दिला आणि १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. सावळ्या माणसांना त्वचेचा कॅन्सर होत नाही या समजुतीला याहून ठसठशीत उत्तर नाही.

आपल्याकडे या डागाला दुसरी नावं मिळतात. कुरूप. भोवरी. ठेच लागून साकळलेलं रक्त. काटा मोडलाय. मधुमेहाची जखम. यांतलं काहीही खरं असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. पण कुरूप कातडीच्याच रंगाचं असतं आणि दाबल्यावर दुखतं. ब्लेडने घासल्यावर आतून काळा, निळसर रंग दिसला, किंवा दुखतच नाही पण रक्त येतं, तर ते कुरूप समजू नका. ठेचेचं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि काही महिन्यांत कापलं जातं. जागच्या जागी राहणारा किंवा रुंद होत जाणारा पट्टा वेगळा. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक काळ्या रेषा असतात, त्या निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेषा आली, रुंदावली आणि नखाच्या मुळाशी कातडीवरही रंग उतरला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांच्या पायाला संवेदना कमी असते, त्यांनी तर रोज रात्री पाय धुताना तळवा बघण्याची सवय लावावी. वाकता येत नसेल तर जमिनीवर छोटा आरसा ठेवा किंवा नातवाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. तोच फोटो महिन्याने ताडून पाहता येतो. डागाच्या दोन बाजू सारख्या आहेत का, कडा फाटल्यासारखी आहे का, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत का, ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा झालाय का, आणि मुख्य म्हणजे तो बदलतोय का. यांतला शेवटचा प्रश्न बाकी चारांहून मोलाचा.

जुने भाजल्याचे व्रण ही आपल्याकडची आणखी एक वाट. स्टोव्हचा भडका, चुलीवरचं आधण, विजेचा झटका. गुडघ्यामागे किंवा कोपराच्या खोबणीत कातडी ओढली गेलेली असते, हालचालीबरोबर ती फाटते आणि पुन्हा धरते. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ याच्या नावाने ओळखला जाणारा कॅन्सर अशा व्रणात सरासरी तीसेक वर्षांनी येतो. म्हणजे दहाव्या वर्षी भाजलेल्या मुलीला चाळिशीत. तोवर सगळ्यांना व्रणाची सवय झालेली असते. हाडाच्या जुनाट जखमेच्या भोकाला, शिरा फुगून झालेल्या पायाच्या व्रणालाही हाच धोका. भाजल्यानंतर वेळेवर त्वचारोपण करून घेतलं तर धोका कमी होतो. खर्च टाळण्यासाठी ‘भरेल आपोआप’ म्हणून सोडू नका. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे सैल अंगरख्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद १८६६ सालची आहे. आपल्याकडे कांगडी नाही, पण पाठदुखीसाठी रोज रात्री गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांच्या पाठीवर जाळीसारखी तपकिरी नक्षी उमटते. ती दिसली की शेक बंद.

आर्सेनिकचं थोडक्यात. बंगालच्या भूजलातला आर्सेनिक १९८० च्या दशकात उजेडात आला. तळहात-तळव्यांवर खिळ्यांसारखे कठीण दाणे आणि अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग ही त्याची खूण, आणि पुढे त्वचेचा कॅन्सर. आपल्या सीमेलगत छत्तीसगडात राजनांदगावच्या बाजूलाही असं पाणी आढळलं आहे. पण महाराष्ट्रात कुणाच्या पोटात आर्सेनिक गेलाच, तर तो बहुधा पाण्यातून नव्हे, कागदाच्या पुडीतून. सोमल, हरताळ, मनशीळ ही आर्सेनिकचीच रूपं. दम्याला, सोरायसिसला, ‘ताकदीसाठी’ म्हणून बिनलेबलाच्या पुड्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी आत काय आहे ते विचारावं. सांगत नसेल तर घेऊ नये.

मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बसवलेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांच्यात स्क्वेमस कॅन्सरचं प्रमाण गोऱ्या लोकांत कित्येक पटींनी वाढतं. आपल्यात तितकं नाही, तरी वर्षातून एकदा सगळी कातडी तपासून घ्यावी. रक्तदाबाच्या हायड्रोक्लोरोथायझाइड या गोळीवरूनही डेन्मार्कच्या अभ्यासांनंतर गलका झाला. आशियाई लोकांत तसा धोका ठळक दिसलेला नाही. गोळी मनाने बंद केली तर पक्षाघाताचा धोका त्याहून मोठा, तेव्हा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

राहता राहिला तीळ-चामखीळ काढण्याचा सोस. घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावणं, बिब्ब्याने जाळणं, किंवा आता पार्लरमध्ये झटकन ‘बर्न’ करून घेणं. नाकाच्या बाजूला येणारा बेसल सेल कॅन्सर आपल्यात बहुतेकदा काळाच असतो. चमकदार, कडेला बारीक मोत्यांची माळ असल्यासारखा. तो तिळासारखाच दिसतो. वरून जाळला तरी मुळं आत राहतात आणि डोळ्याच्या, नाकाच्या दिशेने सरकतात. वेळेवर कापला तर बहुतेक जण कायमचे बरे होतात. ‘सुरी लावली की पसरतो’ म्हणून तपासणीचा तुकडा काढू न देणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तुकडा काढल्याने तो पसरत नाही; तो पसरतो तो चर्चेत गेलेल्या सहा महिन्यांत.

गाठ कुठेही काढून घ्या, सरकारी रुग्णालयात की खासगी दवाखान्यात, पण काढण्याआधी एक प्रश्न विचारा: तुकडा तपासायला पाठवणार ना? फॉर्मॅलिनच्या बाटलीवर आपलं नाव लिहिलेलं बघून घ्या. अहवाल हातात पडला की त्यात कडा मोकळ्या आहेत असं लिहिलंय का ते डॉक्टरांकडून वाचून घ्या, आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा.